चुकांमागचे शहाणपण

आमच्या घरातले तीन वर्षांचे शेंडेफळ परवा मोठ्या ऐटीत सांगत आले, "आजी, मी सगळं माझं मीच करलं!" सारे घर हसले. "'करलं' नाही रे राजा, 'केलं' म्हणावं," असे आजीने सांगितले आणि विषय तेवढ्यावरच मिटला. मला मात्र राहून राहून वाटत राहिले की, या पोराने चूक केली खरी, पण ती डोके वापरून केली. धर, धरलं, भर, भरलं, मग कर, करलं का नाही? हा नियम त्याला कोणी शिकवलेला नव्हता. तो त्याने आपला आपण शोधून काढला होता. मराठी भाषेने नेमके त्याच ठिकाणी आडवळण घ्यावे, हा काही त्याचा अपराध नव्हे.

तीन वर्षांच्या मुलाची अशी चूक आपण कौतुकाने ऐकतो. तेच मूल अठरा वर्षांचे होऊन कॉलेजच्या दारात उभे राहिले, आणि त्याने लिहिलेला कागद आपल्या हाती आला, की मात्र आपली नजर बदलते. चुका मोजल्या जातात, मोजून झाल्यावर बुद्धीचे मापही त्यांवरूनच काढले जाते. या बदललेल्या नजरेची मूळ चौकशी करणारा एक ग्रंथ मी नुकताच पुन्हा वाचला. 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स', म्हणजे 'चुका आणि अपेक्षा', हे त्याचे नाव. लेखिका मिना शॉनेसी. प्रकाशन १९७७ चे. फराळाच्या ताटाशेजारी इंग्रजी व्याकरणाच्या चुकांवरचे पुस्तक कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्या घराला हे पुस्तक परके वाटणार नाही. आणि अशी घरे आपल्या वाचकांत थोडीथोडकी नसावीत.

ग्रंथाची पार्श्वभूमी प्रथम सांगितली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या उत्तरेला वीस-बावीस रस्ते ओलांडले की हार्लेमच्या टेकडीवर सिटी कॉलेजच्या दगडी इमारती लागतात. कोलंबिया खाजगी व श्रीमंत. सिटी कॉलेज सार्वजनिक. १८४७ मध्ये 'फ्री अकॅडमी' या नावाने त्याची स्थापना झाली, आणि पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तेथे शिकवणीची फी नव्हती. मात्र फी नसली तरी गुणांची चाळणी होती, आणि ती वर्षानुवर्षे बारीक होत गेली. परिणाम असा झाला की कॉलेज हार्लेममध्ये, पण हार्लेमची मुले कॉलेजात फारशी नाहीत. १९६९ च्या वसंतात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा अर्धा परिसर ताब्यात घेऊन दारे लावून घेतली. शहराच्या शाळांत जी मुले आहेत तीच कॉलेजातही दिसली पाहिजेत, ही त्यांची एक मुख्य मागणी. पुष्कळ वादावादीनंतर १९७० च्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपले धोरण बदलले. शहरातील कोणत्याही माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटीच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा मिळू लागली. एका वर्षात पहिल्या वर्गाची संख्या सुमारे वीस हजारांवरून सुमारे पस्तीस हजारांवर गेली.

दार उघडले, पण आत आलेल्यांचे करायचे काय, याचा विचार फार थोड्यांनी केला होता. शॉनेसीबाई या थोड्यांपैकी. दक्षिण डाकोटातील लीड या सोन्याच्या खाणीच्या गावात १९२४ साली त्या जन्मल्या. तरुणपणी ओढा रंगभूमीकडे होता. पुढे शिक्षकी पेशात आल्या आणि १९६७ पासून सिटी कॉलेजात अशाच मुलांना लेखन शिकवू लागल्या. एड्रियन रिच, ऑड्री लॉर्ड यांच्यासारख्या नामवंत कवयित्रीही त्या काळी याच कामात त्यांच्या सहकारी होत्या.

ग्रंथाच्या प्रारंभी बाईंनी एक आठवण सांगितली आहे. एका जुनाट वर्गात त्या एकट्याच बसल्या आहेत. मुले नुकतेच पहिले निबंध लिहून गेली आहेत. त्या ते चाळतात आणि सुन्न होतात. काय शिकवावे, कोठून सुरुवात करावी, या मुलांचे हात कोणत्या अडचणींनी बांधले गेले आहेत, काहीच उमगत नाही. ही कबुली ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर आहे, आणि तिच्यामुळेच पुढच्या पानांवर विश्वास बसतो. अशा प्रसंगी बहुतेक शिक्षक लाल पेन्सिल उचलतात किंवा कपाळाला हात लावतात. बाईंनी ते कागद पुन्हा वाचायला घेतले. १९७० ते १९७४ या काळात नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग ठरवण्यासाठी जे निबंध लिहून घेतले गेले, त्यांतले सुमारे चार हजार निबंध त्यांनी अभ्यासले. ज्या कागदांनी मुलांना चाळायचे होते, ते कागद त्यांनी पत्रासारखे वाचले.

या वाचनातून काय निघाले? इंग्रजीतले एक साधे उदाहरण घेऊ. नाम अनेकवचनी झाले की त्याला शेवटी 'एस' लागतो. क्रियापदाला मात्र कर्ता एकवचनी असताना 'एस' लागतो आणि अनेकवचनी झाला की गळून पडतो. ज्याने हा 'एस' अनेकवचनाची खूण म्हणून मनात पक्का केला, त्याने तो अनेकवचनी कर्त्याच्या क्रियापदालाही जोडला, तर त्यात विसंगत काय आहे? विसंगती असलीच तर ती भाषेत आहे. आमच्या शेंडेफळाचे 'करलं' ते हेच. अशी चूक बेफिकिरीतून आलेली नसते. अपुऱ्या माहितीवर चालवलेला तो पुरता तर्क असतो, आणि तर्क आहे म्हणजे शिकवायला जागा आहे.

वाक्यरचनेवरचे प्रकरण मला याहून मोलाचे वाटते. काही वाक्ये अशी असतात की मध्यावर येऊन गाडी घसरते आणि कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे पडते. आपण म्हणतो, विचारच गोंधळलेला आहे. बाई अशी वाक्ये उलगडून दाखवतात, तेव्हा दिसते की विचार वाक्यापेक्षा मोठा आहे. 'जरी', 'ज्याअर्थी', 'एवढेच नव्हे तर' अशा सांध्यांची सवय नसलेला लेखक गुंतागुंतीचे काही सांगू पाहतो आणि सांधा निखळतो. सोपे, बिनधोक वाक्य त्याने लिहिले असते, तर चूक झालीच नसती! एका विद्यार्थ्याने एकच निबंध पुन्हा पुन्हा कसा सुरू केला आणि प्रत्येक वेळी कसा सोडून दिला, हे बाईंनी क्रमाने छापले आहे. ती अर्धवट वाक्ये वाचताना कोणाही सहृदय वाचकाच्या पोटात तुटेल. त्या मुलाकडे शब्द नव्हते असे नाही. आपण लिहिलेले प्रत्येक अक्षर आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार, ही भीती त्याच्या हातात शिरली होती.

आणि तरीही शॉनेसीबाई चुकांना डोक्यावर घेऊन नाचत नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. चुका असू द्याव्यात, भाव पाहावा, असे म्हणणारा एक भाबडा पंथ तेव्हाही होता आणि आजही आहे. बाईंचे म्हणणे व्यवहारी आहे. वाचकाजवळ लक्ष देण्याची शक्ती मोजकी असते. प्रत्येक चूक त्यातला थोडा भाग खर्च करते आणि बदल्यात काही देत नाही. म्हणून चुका कमी केल्याच पाहिजेत. मात्र त्या कमी कशा होतील हे ठरवण्यापूर्वी त्या का झाल्या हे पाहिले पाहिजे. ही मुले मंद नाहीत, ती नवशिकी आहेत, आणि नवशिक्याला चुकत चुकतच शिकावे लागते, हे ग्रंथाचे सूत्र आहे. 'रेमेडियल' हा शब्द बाईंना रुचत नसे. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांतला 'उपचारात्मक अध्यापन' हा शब्द त्याचाच भाऊ. उपचार म्हटला की रोगी आला, आणि रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवणेही ओघाने आले. म्हणून त्यांनी 'बेसिक रायटिंग', पायाभूत लेखन, असे साधे नाव रूढ केले.

याच विषयावर १९७५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी एक भाषण केले होते. वाढ विद्यार्थ्याची नव्हे, शिक्षकाची कशी होते, हा त्याचा विषय. चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. पहिल्या पायरीवर शिक्षक बुरुजाची राखण करतो. अपात्र आत येऊ नयेत एवढीच त्याची चिंता. दुसरीवर तो रानटी लोकांना धर्मदीक्षा देणाऱ्याच्या आवेशाने शिकवतो. तिसरीवर थांबून तळ किती खोल आहे याचा अंदाज घेतो. चौथीवर स्वतः पाण्यात उडी टाकतो, म्हणजे विद्यार्थ्याबरोबर स्वतःही विद्यार्थी होतो. कॉलेजला योग्य कोण, हे ठरवणारी चाचणी आजवर मुलांचीच घेतली गेली. बाईंनी ती हळूच शिक्षकांपुढे सरकवली!

ग्रंथाला उणिवा नाहीत असे नाही. हस्ताक्षर, विरामचिन्हे, वाक्यरचना, शुद्धलेखन असा क्रम लावल्यामुळे विचारांच्या मांडणीला फार उशिरा जागा मिळते. वाचता वाचता असा समज होऊ लागतो की, वाक्य दुरुस्त झाले की लेखन साधले. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मिन-झान लू या विदुषीने १९९१ मध्ये बाईंनीच सुरू केलेल्या नियतकालिकातून घेतला. भाषा म्हणजे जणू विचार वाहून नेणारी निव्वळ गाडी. घरची गाडी सोडून कॉलेजच्या गाडीत बसले की झाले, असे बाई धरून चालतात. पण भाषा बदलताना माणसाच्या आत काही मोडते आणि काही नव्याने जुळते, त्याचा हिशेब ग्रंथात नाही. गावाकडची बोली दाराबाहेर ठेवून शहरातल्या वर्गात शिरलेल्या कोणालाही हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही. मला तो रास्त वाटतो. मात्र त्याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही. घराचा पाया खणणाऱ्याने छप्पर का घातले नाही, एवढीच ती तक्रार आहे.

ग्रंथापेक्षा त्याच्या काळाने अधिक निराशा केली. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ मध्ये फी सुरू झाली. पायाभूत लेखन शिकवणारे अनेक शिक्षक कमी केले गेले. ग्रंथ बाहेर पडला तो त्यानंतर. १९७८ मध्ये वाचन, लेखन आणि गणित यांच्या चाचण्या युनिव्हर्सिटीभर लागू झाल्या, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाई कर्करोगाने गेल्या. पुढे १९९८ मध्ये विश्वस्तांनी ठराव केला की, चार वर्षांच्या कॉलेजांतून असे वर्ग बंद करावेत. ज्यांना गरज असेल त्यांनी दोन वर्षांच्या कॉलेजांत जावे. बुरुजाची राखण पुन्हा सुरू झाली.

त्या चाचण्यांचे तरी काय? कोलंबियाच्याच शिक्षणशास्त्राच्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास हिशेब मांडला. अशा चाचणीवर विसंबून ज्यांचे वर्ग ठरवले गेले, त्यांपैकी गणितात सुमारे चारांतला एक आणि इंग्रजीत सुमारे तिघांतला एक विद्यार्थी फारच चुकीच्या जागी बसवला जात होता. शाळेतले वर्षानुवर्षांचे गुण तासाभराच्या चाचणीहून अधिक खरे बोलत होते. २०१३ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कॉलेजांत एक प्रयोग झाला. गणितात कच्ची ठरलेली मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटली. पहिल्या गटाला नेहमीचा पायाभूत बीजगणिताचा वर्ग. दुसऱ्याला तोच वर्ग व जोडीला मदतीचा तास. तिसऱ्याला थेट कॉलेजचे संख्याशास्त्र व जोडीला तसाच तास. उत्तीर्ण झाले ते अनुक्रमे शेकडा ३९, ४५ आणि ५६. ज्यांना दाराबाहेर थांबवायचे, ती आत बसवली तर अधिक शिकतात, असा त्याचा अर्थ. पुढे पतमोल नसलेले ते जुने वर्ग २०२३ पर्यंत युनिव्हर्सिटीने बंदच केले.

पण येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. शेकडा ५६ उत्तीर्ण म्हणजे ४४ नाहीत. वर्गाची पाटी बदलल्याने या ४४ जणांचे कागद कोणी वाचले असे होत नाही. आत घेतलेल्या मुलाशेजारी बसून, त्याची चूक कोणत्या तर्कातून आली हे शोधणारा शिक्षक लागतोच. त्याला वेळ लागतो, लहान वर्ग लागतो, पगार लागतो. धोरणे या खर्चापाशी येऊन अडतात. बाईंचा ग्रंथ आज वाचायचा तो यासाठी.

आमचे शेंडेफळ अलीकडे 'केलं' म्हणू लागले आहे. कोणी त्याची परीक्षा घेतली नाही, की 'केलं' म्हणता येईपर्यंत मोठ्यांत बसू नकोस असेही कोणी सांगितले नाही. ते आमच्याच पंगतीत बसून, चुकत-माकत, आमच्याच गप्पांत तोंड घालून शिकले. आजी तेवढी शेजारी होती.