लुडोंत हरवलेला भिडू

चतुर्थीच्या रात्रीं इन्सुलीसारख्या गांवांत आरत्या आटोपल्या, कीं ओसरीवर पुठ्ठ्याचा पट उलगडतो: एका बाजूस लुडो, दुसऱ्या बाजूस सापशिडी. आजोबा आणि पांच वर्षांची नात एकाच पटाभोंवतीं बसतात. फांसा वयाला, विद्येला वा हुद्द्याला मान देत नाहीं. विलायतेंत काय, येथें काय, या खेळांची गोडी टिकली ती प्रथम या समतेमुळें.

लुडो मूळचा विलायती, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें गेलें, तेव्हां आपली पचिशीच तेथें नवें नांव धारण करीत होती. चार फांट्यांचा पट, चार रंग, सोंगटी मारणें, ती घरीं नेणें, हें सर्व राहिलें. कवड्यांच्या जागीं चौकोनी फांसा आला. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. खरा पालट निराळाच आहे. पचिशींत समोरासमोरचे दोघे भिडू असतात. एकाच्याच सोंगट्या घरीं पोंचून डाव जिंकतां येत नाहीं. म्हणून जाणता खेळाडू आपली घाई आवरून भिडूची पाठ राखतो. लुडोंत ज्याचा तो. खेळ लहानांना सोपा झाला हें खरें. पण त्यांतील सोबत गेली.

सापशिडीचीही हीच कथा. तिचा पूर्वज मोक्षपट. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्याच्या घरांना सद्गुण-दुर्गुणांचीं नांवें असत आणि वाट मोक्षाची असे. कित्येक जुन्या पटांवर शिड्यांहून साप अधिक आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांत गेला, तेव्हां काटकसर व उद्योग यांच्या शिड्या यशाकडे नेऊं लागल्या. पुढें ती नीतिही गळाली व नुसते आंकडे उरले.

जुनें जपावें, एवढ्यानें मात्र भागत नाहीं. इन्सुलीशेजारच्या सावंतवाडींत दशावतारी गंजिफेचीं १२० पानें आजही सुरेख रंगविलीं जातात. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं त्या कलेला नवें जीवन दिलें. परंतु तीं पानें घेणारे बहुतेक लोक तीं कपाटांत मांडतात, डाव मांडीत नाहींत. खेळ जगतो तो नियमांनीं, आणि नियम जगतात ते खेळल्यानें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नवा पट नको. पुठ्ठ्याच्या त्याच लुडोवर समोरासमोरच्या दोघांना भिडू करावें, आणि दोघेही घरीं पोंचल्याखेरीज डाव संपवूं नये. आजोबांना नातीसाठीं थांबतां येईल. आणि नातीला, कोणीतरी आपल्यासाठीं थांबलें आहे, हें कळेल.