मुक्तांबाळ : एका नावाचा अनुवाद

तंजावर प्रांतातील ओरत्तनाडु येथे दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२) आपल्या दिवंगत प्रियेच्या नावे अन्नछत्र स्थापिले आणि गाव मुक्तांबाळपुरम् म्हणून ओळखले जाऊ लागले. या नावापाशी मराठी अनुवादकाची कसोटी लागते. ‘मुक्ताबाई’ म्हटल्यास व्यक्ती उरते, परंतु देवी लोपते. कारण तमिळमध्ये ‘अंबाळ’ म्हणजे शिवमंदिरातील जगन्माता. ‘मुक्तादेवी’ म्हटल्यास स्मारकाचे देऊळ होते.

भोसल्यांच्या घराण्यास ही सरमिसळ अपरिचित नव्हती. तुळजापूरच्या भवानीचे नाव तेथे दोन राजांनी धारण केले. एकोजीची राणी दीपाबाई ‘दीपांबा’ झाली. आणि भवानीच्या या भक्तांनी पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनलाही आपले मानले. त्यांनी एका देवीच्या जागी दुसरी बसविली नाही. दोघींनाही नमस्कार केला.

अनुवादाचा धडा येथेच आहे. मुक्तांबाळच्या नावे मूर्तीला नैवेद्य नव्हे, वाटसरूला अन्न मिळे. भुकेल्याला जेवू घालणारी ती आई, हाच त्या ‘अंबे’चा अर्थ होय. म्हणून ते नाव जसेच्या तसे ठेवावे. प्रतिशब्द शोधणे हे नेहमीच अनुवादकाचे कर्तव्य नसते. कधी परक्या शब्दाला आपल्या वाक्यात सन्मानाने आसन देणे, एवढेच त्याचे कर्तव्य असते.