सर्व्हरलेस फंक्शनमधील इंजेक्टेड सेवा आणि लॉगच्या नोंदी : अ‍ॅझ्युअर फंक्शन्सच्या रचनेचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :

संगणकीय प्रणाली चालू असताना स्वतःच्या कामाविषयी जे टिपून ठेवते, त्यास लॉग असे म्हणतात. बिघाड झाल्यानंतर काय घडले व कोणत्या क्रमाने घडले, हे सांगणारा तोच एकमेव साक्षीदार असतो. सर्व्हरलेस पद्धतीत या साक्षीदाराचे महत्त्व अधिकच वाढते. येथे सर्व्हर असतो, परंतु तो वापरकर्त्याच्या ताब्यात नसतो. फंक्शन मागणीनुसार सुरू होते व काम संपल्यावर त्याची जागा केव्हाही काढून घेतली जाते. नंतर त्या यंत्रावर जाऊन फाइल उघडून पाहण्याची सोय नसते. जी नोंद वेळीच बाहेर गेली नाही, ती कायमची गेली. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर फंक्शन्स या सेवेतील लॉगिंगच्या रचनेचा या दृष्टीने विचार करण्यात आला आहे.

पार्श्वभूमी :

अ‍ॅमेझॉनने 2014 मध्ये लॅम्डा ही सेवा जाहीर केली. 2016 मध्ये अ‍ॅझ्युअर फंक्शन्स आली. सुरुवातीच्या काळात फंक्शन म्हणजे एखाद्या फाइलीत मावणारा छोटा कार्यक्रम असे. त्याला लागणारा लॉगर होस्ट स्वतःच पॅरामीटर म्हणून हाती देत असे व त्यावर लिहिलेले सर्व काही नोंदले जाई.

पुढे कार्यक्रम वाढले. व्यवहाराचे नियम फंक्शनच्या बाहेर स्वतंत्र सर्व्हिस क्लासमध्ये ठेवणे आवश्यक झाले. मार्टिन फाउलर यांनी 2004 मध्ये ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ या नावाने जी पद्धत विशद केली, तिच्यानुसार क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः निर्माण करायच्या नसून त्या त्याला बाहेरून पुरवायच्या असतात. 2019 मध्ये अ‍ॅझ्युअर फंक्शन्समध्ये डॉटनेटसाठी ही सोय अधिकृतपणे उपलब्ध झाली. त्यामुळे सर्व्हिस क्लास आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये लॉगर मागू लागला व होस्ट तो देऊ लागला. येथपर्यंत सर्व सुरळीत होते.

मूळ उणीव :

प्रत्येक लॉगरला वर्ग, म्हणजे कॅटेगरी, असते. फंक्शनला थेट मिळणाऱ्या लॉगरच्या वर्गाचे नाव ‘फंक्शन’ या शब्दाने सुरू होते. इंजेक्ट केलेल्या लॉगरच्या वर्गाला मात्र त्या क्लासचे नेमस्पेससहित पूर्ण नाव मिळते. इन-प्रोसेस पद्धतीत होस्टची गाळणी ठराविक वर्गांनाच पुढे जाऊ देते आणि सर्व्हिस क्लासचे नाव त्या यादीत नसते. परिणामी कन्स्ट्रक्टरला लॉगर मिळतो, त्यावर लिहिताही येते, कोणतीही चूक दाखवली जात नाही, परंतु लिहिलेले कोठेही पोहोचत नाही. होस्ट.जेसन या फाइलीत त्या नेमस्पेसचा स्पष्ट उल्लेख करून लॉगचा स्तर दिला, तरच नोंदी दिसू लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजात ही गोष्ट नमूद आहे. मात्र न वाचणाऱ्यास ती कळण्याचा दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, विद्यार्थ्यांचे शुल्क स्वीकारणारे एक फंक्शन आहे व बँकेशी बोलण्याचे काम एक इंजेक्टेड सर्व्हिस करते. बँकेकडून उत्तर आले नाही. सर्व्हिसने तो अपवाद पकडला, लॉगवर चूक म्हणून लिहिला आणि व्यवहार ‘प्रलंबित’ ठरवून फंक्शनला उत्तर दिले. होस्टच्या लेखी फंक्शन यशस्वीपणे पूर्ण झाले. विद्यार्थ्याच्या खात्यातून रक्कम गेली असेल, तर त्याचा माग काढण्यासाठी आवश्यक असलेली ओळच अस्तित्वात नाही. न पकडलेला अपवाद होस्ट स्वतः नोंदवतो. हरवते ते नेमके विचारपूर्वक हाताळलेल्या चुकांचे वर्णन. म्हणजे जो प्रोग्रामर अधिक काळजी घेतो, त्याचेच नुकसान अधिक होते. हा या रचनेतील सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल.

समर्थनाची बाजू :

या रचनेमागे कारणच नाही, असे म्हणता येणार नाही. इंजेक्शनमुळे केवळ स्वतःचेच नव्हे, तर इतर लायब्ररींचे क्लासही लॉगर मागतात व त्यांपैकी काही प्रत्येक बारीकसारीक हालचालीची नोंद करतात. अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्समध्ये साठवलेल्या माहितीच्या प्रमाणात आकार द्यावा लागतो. सर्व दारे खुली ठेवल्यास खर्च वाढेल व उपयुक्त नोंदी गर्दीत बुडतील. हा युक्तिवाद योग्य आहे. तथापि त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, कमी महत्त्वाच्या नोंदी गाळाव्यात. नोंदीचे महत्त्व तिच्या स्तरावरून ठरते. ती कोणत्या नावाच्या क्लासने लिहिली यावरून नव्हे. खर्चाच्या भीतीने माहितीपर ओळ गाळणे समजण्यासारखे आहे, चुकीची ओळ गाळणे नाही.

तुलना व पुढील बदल :

लॅम्डामध्ये कार्यक्रमाने प्रमाणित आउटपुटवर लिहिलेला मजकूर क्लाउडवॉच लॉग्जकडे जातो. तो फंक्शनने लिहिला की सर्व्हिसने, हा भेद केला जात नाही. तेथेही फंक्शनच्या रोलला लॉग लिहिण्याची परवानगी नसल्यास नोंदी मिळत नाहीत. परंतु मग कोणाच्याच मिळत नाहीत व उणीव चटकन लक्षात येते. अ‍ॅझ्युअरमध्ये निम्म्या नोंदी दिसतात, म्हणूनच उरलेल्या नसल्याचा संशय येत नाही.

अ‍ॅझ्युअरच्या नंतरच्या आयसोलेटेड वर्कर पद्धतीत प्रोग्रामरचा कोड होस्टपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. इन-प्रोसेस पद्धतीच्या आधारासाठी 10 नोव्हेंबर 2026 ही शेवटची तारीख जाहीर करण्यात आल्याने या नव्या पद्धतीचे परीक्षण आवश्यक ठरते. तिच्यात अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्सशी वर्कर थेट जोडल्यास ‘वॉर्निंग’ व त्यावरील नोंदी मूळ नियमानेच पुढे जातात. गाळणी नावावरून स्तराकडे वळली, ही निश्चितच सुधारणा आहे. परंतु माहितीपर नोंदी हव्या असल्यास तो मूळ नियम प्रोग्राममध्येच काढावा लागतो, होस्ट.जेसनमधील स्तर वर्करच्या या थेट नोंदींना लागू होत नाहीत. जुना उपाय शिकलेला प्रोग्रामर नेमका चुकीच्या फाइलीत दुरुस्ती करीत राहण्याची शक्यता येथे निर्माण होते.

भारतीय संदर्भ :

सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग सुरू ठेवून ते 180 दिवस सुरक्षित जपणे बंधनकारक आहे. जी नोंद गाळणीतच नाहीशी झाली, ती जपता येणार नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रोग्रामरच्या सोयीचा राहत नाही, तर संस्थेच्या उत्तरदायित्वाचाही होतो.

निष्कर्ष :

1. इन-प्रोसेस पद्धतीत इंजेक्टेड सेवांच्या नोंदी हरवतात, त्याचे कारण इंजेक्शन नसून वर्गाच्या नावावर आधारलेली गाळणी हे आहे.

2. चुकीच्या स्तरावरील नोंदी कोणत्याही वर्गाच्या असल्या, तरी मूळ नियमाने पुढे जाणे आवश्यक आहे.

3. एखाद्या वर्गाच्या नोंदी गाळल्या जात असल्यास होस्टने निदान एकदा तशी सूचना द्यावयास हवी.

4. जोवर अशी सूचना मिळत नाही, तोवर प्रत्येक सर्व्हिसमधून एक चाचणी-नोंद लिहून ती प्रत्यक्ष पोहोचते किंवा नाही, हे प्रणाली वापरात आणण्यापूर्वीच तपासून घेणे इष्ट ठरते.

लॉगर देणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अ‍ॅझ्युअर फंक्शन्सच्या रचनाकारांनी 2019 मध्ये पहिली गोष्ट केली. दुसरीची जबाबदारी मात्र प्रोग्रामरवर, त्याला न सांगताच, सोपवली.