हेन्री मूर: भव्य आणि नुसतं मोठं

यॉर्कशायरमधल्या खाणकामगाराच्या या मुलाने १९२९ साली तपकिरी हॉर्नटन दगडात कोरलेली पहुडलेली स्त्री लीड्सच्या कलादालनात आहे. मेक्सिकोतल्या चाकमूल मूर्तीची प्लास्टर प्रतिकृती मूर यांनी पॅरिसमध्ये पाहिली होती. तिची ठाशीव बैठक इथे उतरली आहे. लांबी मीटरभरही नाही, तरी ती एखाद्या टेकडीसारखी वाटते. मूर यांची सारी भव्यता इथेच सिद्ध झाली होती. आकाराने मोठं होणं नंतर आलं, आणि ते प्रत्येक वेळी मानवलं असं नाही.

१९३८च्या हिरव्या हॉर्नटन दगडातल्या आकृतीत छातीखालून आरपार पोकळी जाते. ती ससेक्समधल्या एका घराच्या गच्चीसाठी केलेली. मागच्या टेकाडांशी तिचं नातं जुळावं, ही कल्पना. पोकळी काय दाखवते याला इथे अर्थ आहे. पॅरिसच्या युनेस्को इमारतीसमोरच्या सुमारे पाच मीटर लांब शिल्पातही तो टिकला. मागच्या खिडक्यांवर काळपट ब्राँझ उठणार नाही, म्हणून मूर यांनी फिका ट्रॅव्हर्टिन निवडला होता.

साठच्या दशकापासून मागणी अफाट वाढली, तशी पद्धतही बदलली. हाडं, गारगोट्या हाताळत तळहातावर मावेल असा प्लास्टरचा नमुना करायचा, सहायकांनी तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि मग ओतकाम, बरंचसं बर्लिनच्या नोआक ओतशाळेत. एका शिल्पाच्या अनेक प्रती निघत. वाढवणं हा दोष नव्हे. पण हातात फिरवून जुळलेला आकार महापालिकेच्या चौकात उभा केला की त्याची ओढ विरते. डॅलसच्या नगरभवनापुढचं ब्राँझ मला इमारतीचं सामान वाटतं, कितीही सफाईदार असलं तरी.

१९६७मध्ये लंडनच्या टेट कलादालनाने मूर यांनी देऊ केलेल्या शिल्पांच्या देणगीला मोठी जागा देऊ नये, असं पत्र ४१ कलावंतांनी ‘टाइम्स’ला लिहिलं. सही करणाऱ्यांत अँथनी कॅरो होते, एकेकाळचे मूर यांचे सहायक! जागेविषयीची त्यांची तक्रार रास्त होती. मात्र मूर संपले असा तिचा अर्थ काढणाऱ्यांनी मूर यांचं घर आणि कार्यशाळा असलेल्या पेरी ग्रीनचं १९७१-७२चं ‘शीप पीस’ पाहावं. साडेपाच मीटरहून उंच ब्राँझ, आणि त्याला अंग घासत चरणाऱ्या मेंढ्या. इथे आकार मोठा हवाच होता.

त्याच पेरी ग्रीनमधून डिसेंबर २००५मध्ये दोन टनांहून जड पहुडलेली आकृती चोरीला गेली. ती वितळवून भंगारात विकली गेली, असा पोलिसांचा निष्कर्ष. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीसाठी घेतलेली बसलेली स्त्री, लोकांची ‘ओल्ड फ्लो’, २०१२मध्ये महापालिका विकायला निघाली होती. खटला झाला, ती वाचली. आता कॅनरी व्हार्फमध्ये बँकांच्या मनोऱ्यांत बसली आहे.

मूर पाहायचे असतील तर आधी लीड्सला जा, मग पेरी ग्रीनला. डॅलस राहिलं तरी चालेल.