चौथं सिंहासन

सी. एस. लुईस यांच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' (1950) या कादंबरीतलं भाकीत कुणा राजपुरोहिताच्या पोथीत सापडत नाही. ते सांगतो मिस्टर बीव्हर, नदीवर बांध घालून वर घर थाटलेला एक बोलका प्राणी. चार पाहुण्या मुलांची मासे-बटाट्यांची जेवणं उरकतात, चहा होतो, पाइप पेटतो आणि मग तो बोलायला लागतो. नार्निया या देशात पांढऱ्या चेटकिणीनं लादलेला सदाचा हिवाळा आहे, नाताळ म्हणून येत नाही. समुद्राकाठी केअर पॅरावेलच्या किल्ल्यात चार सिंहासनं रिकामी आहेत. आदमचे दोन मुलगे आणि ईव्हच्या दोन मुली त्यांवर बसल्या, की पांढऱ्या चेटकिणीचं राज्य संपेल आणि तिचा जीवही जाईल.

म्हणजे सगळी मदार आकड्यावर. शौर्याची, राजवंशाची, पुण्याईची अटच नाही. बोलत्या जनावरांच्या देशाला राजे मात्र माणसांतलेच का, हे बीव्हरलाही विचारावंसं वाटत नाही. मला ते थोडं खुपतं.

पण लुईसची खरी करामत पुढे आहे. बीव्हर चार सिंहासनांची गोष्ट सांगत असताना सगळे कान टवकारून ऐकताहेत. त्याचं बोलणं थांबतं, क्षणभर शांतता पसरते आणि चौघांतली ल्यूसी विचारते, एडमंड कुठाय? तिचा हा भाऊ केव्हाच चेटकिणीकडे सटकलाय. पुढच्या प्रकरणात कळतं की बीव्हर माणसांच्या राज्याबद्दलचं ते जुनं कवन म्हणत होता, नेमकं तेव्हाच हा हळूच दाराची मूठ फिरवत होता. लुईसनं त्याचं जाणं आपल्याला दिसूच दिलं नाही. वाचकही इतरांसारखाच गाफील.

आणि चेटकिणीला हे भाकीत आधीपासून तोंडपाठ आहे. त्याआधीच्या पहिल्याच भेटीत एडमंडच्या तोंडात टर्किश डिलाईट ही मिठाई कोंबलेली असताना ती भावंडांच्या संख्येची पुन्हापुन्हा खात्री करून घेते. त्या वेळी ती नुसती चौकशी वाटते. दुसऱ्या वाचनात अंगावर काटा येतो. पुढे तिचा हिशेब उघड होतो: तीनच सिंहासनं भरली तर? आकाशवाणी ऐकलेला कंस आठवा. आठव्याच्या धास्तीनं त्याला देवकीची मुलं एकामागून एक मारावी लागली. हिला एकच पुरे, आणि तोही स्वतःच्या पायांनी चालत आलेला.

फितुरावर हक्क चेटकिणीचा, असा नार्नियाचा प्राचीन कायदा. म्हणून अस्लान हा सिंह एडमंडऐवजी स्वतःचा जीव देऊ करतो. त्या प्रसंगावर भरपूर लिहिलं गेलंय, मी तिथे थांबत नाही. मला चेटकिणीशी झालेल्या लढाईतली एक चलाखी जास्त आवडते. बाकीचे सरळ चेटकिणीवर धावून जातात आणि दगड होतात. एडमंड तिच्या अंगावर न जाता तिच्या छडीवर तलवार घालतो. सोडवून आणलेल्या फितुराला शत्रूची ताकद कशात आहे हे इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असणारच! हे श्रेय त्याला त्याचा भाऊ पीटर देतो, लुईस स्वतः ती झुंज दाखवत नाही.

शब्द धरून बसणाऱ्यानं विचारलंच, तर भाकीत क्रमानं खरं ठरत नाही. बर्फ आधी वितळतं, मग परत जिवंत झालेल्या अस्लानच्या झडपेत चेटकीण मरते आणि त्यानंतर चौघं सिंहासनांवर बसतात. लुईस याचा खुलासा करत नाही. राज्याभिषेक तो थोडक्यात उरकतो आणि मेजवानीकडे वळतो.