जब्याचा दगड

मुलांच्या रागाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा अनर्थ घडून गेल्यानंतरचें असतें. मुलानें दगड फेकला कीं दगडाची चौकशी सुरू होते. तो हातांत येईपर्यंत काय काय घडलें, हें विचारण्याचें आम्हां शिक्षकांना क्वचितच सुचतें. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा चित्रपट मला मोठा वाटतो तो याच कारणासाठीं. त्यांत मुलाचा उद्रेक अगदीं शेवटीं आहे. बाकीचा चित्रपट म्हणजे तो राग कसा सांचत गेला याचा हिशेब.

जब्या हा कैकाडी कुटुंबांतला शाळकरी मुलगा. वर्गांतल्या शालूवर त्याचें मन जडलेलें. डुकरें पकडण्याचें घरचें काम तिच्या दृष्टीस पडूं नये, एवढीच त्याची धडपड. आणि नेमकी शाळेजवळच, सोबत्यांच्या देखत, डुकरामागें धांवण्याची पाळी त्याच्यावर येते. मध्येंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें, तेव्हां तें कुटुंब हातची शिकार सोडून निश्चल उभें राहतें. पुढें बांधलेलें डुक्कर शाळेच्या ज्या भिंतीपुढून नेलें जातें, तिच्यावर फुले-आंबेडकरांचीं चित्रें आहेत. या शाळेंत सद्विचारांची उणीव मुळींच नाहीं! अखेर जब्या चिडविणाऱ्यांवर दगड भिरकावूं लागतो, व शेवटचा दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. हा शेवट भडक आहे, असें एका विद्वान् स्नेह्यांचें मत पडलें. मला तसें म्हणवत नाहीं. चिडविणारे थोडे असतात, हंसणारे पुष्कळ. आणि त्या पळापळीला मी स्वतः खुर्चींत बसून हंसलों होतों.

महाविद्यालयांत येण्यापूर्वीं दोन वर्षें मी नागपुरांतल्या एका हायस्कुलांत इंग्रजी शिकवीत असें. एका मुलानें शेजाऱ्याच्या हातांत कंपासचें टोंक खुपसलें. मीं त्याला छड्या मारल्या, त्याच्या वडिलांना बोलावून घेतलें. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. वर्ग त्याला कोणत्या नांवानें हांक मारी, हें मला ठाऊक होतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें छडी आणि मानसिक छळ हे दोन्ही निषिद्ध ठरविले. छडी डोळ्यांना दिसते. वर्गांतला हंशा कोणत्या वहींत नोंदवावयाचा?

मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) तर आमच्या नागपूरचा. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ पासून झोपडपट्टींतल्या मुलांना फुटबॉलकडे वळविलें, त्यावर तो आधारलेला आहे. येथें रागाला चेंडू मिळतो, मैदान मिळतें, आणि उपदेशापूर्वीं खेळ मांडणारा एक वडीलधारा माणूस मिळतो. हें सारें खरें व स्पृहणीय आहे. परंतु त्या माणसाची सावली चित्रपटावर इतकी मोठी पडली आहे, कीं मुलांचा राग कोणावर होता याचा प्रेक्षकांस हळूहळू विसर पडतो. कलाकृति म्हणून मी ‘फँड्री’लाच वरचें स्थान देईन.

‘झुंड’ पाहून मी समाधानानें घरीं परतलों. ‘फँड्री’ पाहिल्यावर मात्र त्या कंपासवाल्या मुलाचें नांव आठवीत रात्रीं उशिरांपर्यंत बसलों. चिडविण्याचें तेवढें आठवलें.