न झालेल्या प्रयोगाचे परीक्षण

नाटकांची परीक्षणे लिहिणाऱ्याला एक सोय असते. नाटक कितीही रद्दी असले तरी त्याचा प्रयोग झालेला असतो. नट संवाद विसरलेला असो, पडदा मध्येच अडकलेला असो, लिहिणाऱ्यापुढे घडलेले असे काहीतरी असते. यंदा दिवाळीसाठी मी जे परीक्षण लिहावयास घेतले आहे, त्यात ही सोय नाही. संहिता छापून तयार आहे. पात्रांची यादी ठरलेली आहे. कोणी काय करावे आणि काय करू नये याचे नियमही झालेले आहेत. एकदा तर प्रयोगाची तारीखही लागली होती. पडदा तेवढा वर गेला नाही.

ही संहिता म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, यातील कलम ९९. विषय विद्यार्थी परिषद आणि तिच्या निवडणुका. दिवाळीच्या फराळाबरोबर पाहुण्याच्या ताटात कायद्याचे कलम वाढू नये, हे मला कळते. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाते, त्या घराचा या कलमाशी संबंध आहे. माझाही आला तो घरातूनच.

माझी पुतणी लोणावळ्याहून सकाळच्या लोकलने शिकायला जाते. कामानिमित्त पुण्यास जाताना कधीकधी मीही त्याच गाडीत असतो. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने येत जातात आणि डब्यात मुलामुलींची भर पडत जाते. कान्ह्याला चढणारी पोरे बहुतेक अंदर मावळातली; पहाटे घर सोडून, मिळेल त्या गाडीने स्टेशन गाठणारी. मे २०२४ मध्ये मावळ मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा पुतणीने आयुष्यातले पहिले मत दिले. बोटावरची शाई जाऊ नये म्हणून तिने दोन दिवस भांड्यांना हात लावला नाही, अशी तिच्या आईची तक्रार आहे. पुढे कॉलेज सुरू झाल्यावर एकदा गाडीत ती मला म्हणाली, "काका, खासदार निवडायला मी चालते. मग माझ्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायला का चालत नाही?"

मला उत्तर देता येईना. म्हणून मी अधिनियम वाचला.

प्रथम या संहितेचा पूर्वरंग सांगितला पाहिजे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पूर्वी निवडणुका होत. त्या चुरशीच्या होत, आणि चुरशीच्या पाठोपाठ पैसा, धाकदपटशा आणि मारामाऱ्याही येत. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला आणि घरोघरच्या आईबापांनी या निवडणुकांचा धसका घेतला. १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने त्यावर एक उपाय काढला. वर्गाचा प्रतिनिधी मतांनी निवडायचा नाही; आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखविलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी नेमायचे. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, एन.सी.सी. आणि राष्ट्रीय सेवा योजना यांचे प्रतिनिधीही असेच नेमलेले. मग या मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. भांडण नाही, खर्च नाही, भिंतीवर रंग नाही.

या उपायाचा लाभ मला स्वतःला झालेला आहे. १९९४ नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. आमच्याच भागातल्या एका कॉलेजात मी बी.ए. करीत होतो. दुसऱ्या वर्षी मला वर्गात सर्वांत अधिक गुण पडले आणि तिसऱ्या वर्षी एका सकाळी सूचनाफलकावर वर्ग प्रतिनिधी म्हणून माझे नाव लागले. आईने पेढे वाटले. वर्गातल्या कोणाला काही विचारण्याचा प्रश्नच आला नाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही कोणी विचारले नव्हते.

त्या पावसाळ्यात परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख अलीकडे आली. सूचना लागली ती संध्याकाळी. माझा एक मित्र अंदर मावळातून येत असे. तीन दिवस पावसाने त्याचा रस्ता बंद होता. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मुदत संपली होती. मुले मला म्हणाली, "तू प्रतिनिधी ना? मग जा की ऑफिसात." मी गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने माझे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "तुला कोणी पाठवलंय?"

प्रश्न साधा होता. परंतु मी गप्प झालो. मला कोणीच पाठवले नव्हते. मला नेमले होते, आणि नेमणारे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत होते. त्यांच्या कारभाराविरुद्ध त्यांच्याच नेमणुकीच्या बळावर मी काय भांडणार? मी परत आलो. माझ्या मित्राचे ते वर्ष गेले. मला मात्र वर्षअखेर प्रतिनिधी म्हणून प्रमाणपत्र मिळाले. ते अजून घरी कुठेतरी आहे.

हुशार विद्यार्थी प्रतिनिधी होण्यास नालायक असतो, असे मी म्हणत नाही. पण परीक्षेतले गुण हे परीक्षकाला दिलेल्या उत्तरांबद्दल मिळतात, आणि प्रतिनिधीने उत्तर द्यावयाचे असते ते आपल्या वर्गाला. १९९४ च्या कायद्याने या दोन उत्तरांची गल्लत केली आणि प्रतिनिधित्व हे बक्षीस करून टाकले. बक्षीस देणाऱ्याला जाब विचारण्याचे धैर्य बक्षीस घेणाऱ्यास सहसा होत नाही.

नवा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याचे कलम ९९ वाचताना, संहिता म्हणून, मला समाधान वाटले. त्यात वर्ग प्रतिनिधी पुन्हा वर्गाने निवडायचा आहे. कॉलेजचा अध्यक्ष आणि सचिव निवडायचे आहेत. एक महिला प्रतिनिधी आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांमधून आळीपाळीने एक प्रतिनिधी आहे. खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम वगैरेंचे प्रतिनिधी अजून प्राचार्यांनीच नेमायचे आहेत. जुन्या संहितेतली ही पात्रे नव्या नाटकातही वावरतात, हे मला खटकते. पण पुढची योजना चांगली आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांना अधिसभेत जागा आहे. अधिसभा म्हणजे विद्यापीठाच्या कारभारावर जिथे प्रश्न विचारता येतात अशी सभा. कान्ह्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न गणेशखिंडीत विद्यापीठाच्या सभागृहापर्यंत पोहोचावा, अशी ही वाट कायद्याने आखलेली आहे.

भिणाऱ्यांसाठी कुंपणेही पुरेशी आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच मान्य केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत. छापील पोस्टर नाही, हाताने केलेले तेवढे चालेल. हजेरी ७५ टक्के. गुन्हेगारीचा डाग नको. सत्र सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत निवडणूक उरकायची. प्रचारात लाउडस्पीकर, वाहने आणि जनावरे वापरू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. बैलगाडा शर्यतींवर जीव टाकणाऱ्या आमच्या मावळात शेवटची अट कोणी कल्पकतेने मोडील, अशी भीती नव्हे, थोडीशी आशा मला वाटते.

आता प्रयोगाकडे वळू. कायद्यामागून २०१८ साली निवडणुकीचे नियम आले. २०१९ साली वेळापत्रक जाहीर झाले. मग विधानसभेची निवडणूक जवळ आली, आणि तिच्यासाठी विद्यार्थ्यांची निवडणूक पुढे ढकलण्यात आली. २०२० साली महामारीने कॉलेजेच बंद झाली. तो दोष कोणाचा नव्हे. पण रोग ओसरला, वर्ग भरले, परीक्षा झाल्या, लोणावळ्यात पावसाळी गर्दी पूर्वीसारखी लोटू लागली. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका राज्याने पार पाडल्या. विद्यार्थ्यांची मतपेटी मात्र त्या सालापर्यंत उघडलीच नव्हती.

यातली सर्वांत विनोदी जागा नोव्हेंबर २०२२ ची. त्या महिन्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले. पॅनेले उभी राहिली, प्रचार झाला, रीतसर मतमोजणी झाली. म्हणजे जे विद्यापीठ सोडून गेले त्यांनी मत दिले, आणि जे आत शिकत होते त्यांनी फलकावर निकाल वाचला. नाटकात असा प्रवेश कोणी लिहिला तर मी त्यास अतिशयोक्त म्हटले असते.

याला आक्षेप आहेत, आणि ते घेणारी माणसे वाईट नाहीत. माझी वहिनीच म्हणते, "पोरीला शिकायला धाडलंय, पुढारी व्हायला नाही." आईच्या भीतीला मी नावे ठेवणार नाही, १९८९ चे रक्त खोटे नव्हते. पण १९९४ नंतर काय झाले तेही पाहावे. पक्षांच्या विद्यार्थी संघटना कॉलेजांतून गेल्या नाहीत. त्यांचे मोर्चे, निवेदने, घोषणा चालूच राहिल्या. गेले ते फक्त साध्या विद्यार्थ्याचे मत. निवडणूक होती तेव्हा त्या संघटनांना निदान त्याच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागे. आणि शिकण्याचेच म्हणाल, तर आपण हरलो हे शांतपणे मान्य करणे हाही एक धडा आहे. तो कॉलेजात शिकला नाही तर पुढे गावाला महाग पडतो.

ही कल्पना काही कालची नाही. मध्ययुगात इटलीतील बोलोन्या येथे विद्यापीठाचा प्रमुख विद्यार्थीच आपल्यातून निवडीत आणि प्राध्यापक वेळेवर आला नाही तर त्यास दंड करीत. १९१८ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे विद्यार्थ्यांनी उठाव केला, आणि त्यातून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा ही कल्पना दक्षिण अमेरिकाभर पसरली. आम्हांला एवढे नको. प्राध्यापकांना दंड करण्याची माझ्या पुतणीची इच्छा असली तरी मी तिला आवरीन. सूचना न वाचता मुदत संपू नये, एवढे सांगणारा आणि ज्याला "तुला कोणी पाठवलंय?" असे विचारल्यावर उत्तर देता येईल असा एक माणूस वर्गाला हवा, एवढेच मागणे आहे.

तेव्हा परीक्षक म्हणून माझा अभिप्राय असा: संहिता चांगली, किंचित भित्री, पण प्रयोगक्षम आहे. दोष निर्मात्याचा आहे. परीक्षेची तारीख जशी वर्षाच्या प्रारंभी छापली जाते आणि मग कोणाच्या सोयीसाठी सहसा हलत नाही, तशी निवडणुकीची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकात छापली पाहिजे. ज्या प्रयोगाची तारीख निर्मात्याच्या मर्जीवर असते, त्याची तिकिटे कोणी काढीत नाही.

ज्या मित्राचे वर्ष गेले तो पुढे पदवीच्या वाटेला गेला नाही. शेती करतो, आणि दोनदा आपल्या गावच्या ग्रामपंचायतीवर निवडून आला. गणपतीत त्याच्याकडे गेलो होतो. जेवणे चालली असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या वस्तीचे पाणी दोन दिवस आले नव्हते. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि चपला घालता घालता मला म्हणाला, "तू जेव सावकाश. मला मत दिलंय तिनं."

मी जेवलो. पण घास गोड लागला नाही.